जिथे कुणी उत्तर देत नाही

शिवराजशी भांडून जिंकलेला माणूस अंबरपेठच्या त्या गल्लीत अजून कुणी पाहिलेला नाही. भाजीवाला, देवळाची कमिटी, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, सगळ्यांचं त्याच्याशी एकेकदा होऊन गेलेलं. त्याचे वडील भालकीकडची शेती भावकीच्या हवाली करून हैदराबादेत आले आणि त्यांनी इथे मोटर वायंडिंगचं दुकान टाकलं. जळालेल्या मोटरीतली तांब्याची तार उपसायची, नवी भरायची, वार्निश द्यायचं, वाळवायचं. ही विद्या शिवराजच्या हातात बापापेक्षा चांगली उतरली, असं त्याचे वैरीसुद्धा म्हणत, आणि वैऱ्यांची त्याला कधी उणीव भासली नाही. तो दुपारपासून पितो हे सगळ्यांना ठाऊक होतं. तोंडावर म्हणायची मात्र कुणाची छाती नव्हती, कारण म्हणणाऱ्याच्या सात पिढ्यांचे वाभाडे निघत.

वडिलांची एक शिस्त होती. दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मोटरीच्या बॉडीला टेस्ट लॅम्प लावायचा. बल्ब पेटला की समजायचं, बॉडीत करंट उतरतोय, मोटर परत टेबलावर. शिवराजनं ही शिस्त पस्तीस वर्षं पाळली आणि दीड वर्षापूर्वी एका दुपारी पाळली नाही. समोर फुलं विकणाऱ्या यादम्माची नळाला लावायची मोटर होती. बल्ब लावला नाही, अर्थिंगची तार जोडायची राहिली, आणि आतली एक वायर झाकणाखाली चेपली गेली. मोटर यादम्माच्या घरी नेऊन बसवली ती मुलानं, विक्रमनं. दुसऱ्या दिवशी यादम्मानं ओल्या हातानं तिला हात लावला. जीव वाचला, पण उजव्या हाताची तीन बोटं अशी भाजली की पुन्हा वाकली नाहीत. जिनं चाळीस वर्षं गजरे ओवले तिची ही बोटं.

मोटर विक्रमनं बसवली, म्हणून गल्लीनं विक्रमला धरलं. शिवराज काही बोलला नाही. घरात तिघांना खरं माहीत होतं. पण भामानं, त्याच्या बायकोनं, मुलाला आत नेऊन समजावलं की पोराची चूक लोक विसरतात, दारुड्याच्या हातून चूक झाली असं कळलं तर त्याची मोटर कुणी दारात उभी करणार नाही, दुकान बसेल. विक्रमनं ऐकलं. तेव्हापासून रोज सकाळी तो शटर उचलायला लागला की समोरून यादम्मा मोठ्यांदा म्हणे, "करंटोडु वच्चिंडु." करंटवाला आला. पोरंसोरं तेच म्हणायला लागली, मग दुकानदार, मग विक्रमसाठी स्थळ घेऊन येणारे मध्यस्थसुद्धा. विक्रम मान खाली घालून कुलूप काढी. एरवी ब्रह्मदेवालाही उलट उत्तर देणारा शिवराज, तेवढं ऐकताना मूग गिळून बसे. भ्याडच होता तो, दुसरा शब्द नाही.

गेल्या उन्हाळ्यात तो पुन्हा पिऊन टेबलाला बसला आणि टेस्ट लॅम्प न लावताच एक मोटर बांधायला लागला. विक्रमनं ती त्याच्या हातातून ओढून घेतली. मग त्याच्या खिशातून दुकानाची किल्ली काढली.

"नव्वद दिवस प्यायचं नाई," विक्रम म्हणाला. "दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगा असतेत, तिथं जायचं. एक दिवस चुकला की पहिल्यापासून. मग किल्ली."

"माज्या बापाचं दुकान हाय हे."

"माज्याबी बापाचं हाय. म्हणूनच म्हणतो."

शिवराजनं तीन दिवस घर डोक्यावर घेतलं. भामाला बोलला, सासरवाडीला बोलला, मेलेल्या सासऱ्यालाही सोडलं नाही. विक्रमनं किल्ली कमरेला बांधली ती बांधलीच. चौथ्या दिवशी शिवराज तयार झाला, आणि तयार होताना मनात एकच गोष्ट धरून होता. किल्ली हातात आली की पहिल्यांदा या पोराला दुकानातून बाहेर काढायचं.

विक्रमनं फोनवरून मीटिंगांचे पत्ते मिळवले. पहिली अंबरपेठेतच होती. शिवराजनं दारातून डोकावलं तर समोरच्याच खुर्चीवर त्याचं एक जुनं गिऱ्हाईक बसलेलं. आल्या पावली परतला. दुसरी नारायणगुड्याला, एका शाळेच्या वर्गात. तिथे सगळं इंग्रजीत. एक पोरगा इंग्रजीत रडला. शिवराजला रडण्याचं कारण कळलं नाही, पण त्याची चीड मात्र आली, कारण चीड यायला भाषा लागत नाही. अर्ध्या तासात उठला आणि बाहेर स्कूटरवर वाट बघणाऱ्या विक्रमला म्हणाला, "हितं मी येत नसतो."

तिसरी मीटिंग मलकपेठेत होती, रेसकोर्सच्या अलीकडच्या एका जुन्या इमारतीत, जिना चढून. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी सात. खोलीत वीसेक प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक पंखा, एक टेबल. टेबलामागे नरसय्या नावाचा रिटायर कंडक्टर, चौदा वर्षं न प्यायलेला. तेलुगू आणि दख्खनी अशी सरमिसळ चालायची. इथे आडनाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. प्रत्येकानं आपलं पहिलं नाव सांगायचं, मी दारुडा आहे म्हणायचं आणि बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. शेवटी सगळे मिळून एवढंच म्हणत, "थँक्यू, अमुक."

पहिल्याच दिवशी शिवराजनं एका माणसाला मधेच तोडलं. तो माणूस म्हणत होता, माझी बायको चांगली आहे. शिवराज म्हणाला, "फिर पिया कायकू?"

नरसय्यानं हात वर केला. "भाई, इधर जवाब नै देते. सवाल बी नै."

"कायकू नै?"

कुणीच काही बोललं नाही. शिवराजच्या अंगाची लाही लाही झाली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्याच्या उत्तरावर पोट भरलं त्याला उपाशी बसवल्यासारखं झालं.

मग त्याची पाळी आली. तेलुगू त्याला गिऱ्हाइकापुरती येई, दख्खनी भांडणापुरती. नरसय्या म्हणाला, "जो जबान पेट से आती उसमें बोलो. समझना न समझना हम देख लेंगे."

आता हैदराबादेतल्या मराठी घरांची एक जुनी खोड सांगायला हवी. बाहेर पाऊल टाकलं की तेलुगू, दख्खनी, थोडं इंग्रजी. मराठी घरातली. त्यामुळे चारचौघांत मराठी बोललं की आपण दार लावून बोलतोय असं यांना वाटतं. दुकानदारासमोर त्याच्या मालाला नावं ठेवतील, डॉक्टरसमोर डॉक्टरला. शिवराज आणि विक्रम तर गिऱ्हाईक समोर उभं असताना त्याच्याबद्दलच बोलत आणि मग त्याला हसून चहा देत. ही खोड शिवराजच्या हाडीमाशी भिनलेली.

तो उभा राहिला आणि मराठीत सुरू झाला.

"माजं नाव शिवराज. मी दारुडा नाई, तुमी हाव. हा कंडक्टर, चौदा वर्षं प्याला नाई म्हणून छाती काढून बसलाय. तो जाड्या, बायकोचं नाव घिऊन रडतो, तिला बडवताना रडला होता का? अन् ती कोपऱ्यातली बाई. हिच्या घरी कुणी हाय का नाई? लेकरं असतील तर आईच्या तोंडाकडं बगून काय म्हणत असतील?"

कोपऱ्यात खरोखर एक बाई होती, चाळिशीची, महागडी पर्स मांडीवर धरलेली. तिनं नाव सांगितलं होतं नीलिमा, आणि हिंदीत म्हणाली होती की आज मी फक्त ऐकते. तेलुगू लोकांत शंभर नीलिमा असतात. शिवराजनं तिला त्यातलीच धरली.

तो दहा मिनिटं बोलला. थांबला तेव्हा घसा कोरडा पडलेला. खोली म्हणाली, "थँक्यू, शिवराज."

यानंतर जे झालं त्याला सुधारणा म्हणायची की नाही ते मला सांगता येत नाही. शिवराजला मीटिंगची ओढ लागली. आठवड्यातून तीन वेळा मनसोक्त तोंडसुख घ्यायचं, समोरच्यानं हूं की चूं करायचं नाही, आणि वर आभार. असं सुख त्याला बायकोनंही दिलं नव्हतं. पण एक अडचण होती. त्या खोलीचा नियम होता की आज ज्यानं घेतली असेल त्यानं नुसतं ऐकायचं, बोलायचं नाही. पाचव्या दिवशी शिवराज दुपारी एक क्वार्टर मारून गेला. नरसय्यानं वास ओळखला आणि पाळी पुढच्याकडे दिली. शिवराज दीड तास दातओठ खात बसला. विक्रमनं घरी जाताना एवढंच म्हटलं, "आज शून्य."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं दारूला हात लावला नाही. लोक देवासाठी सोडतात, मुलाबाळांसाठी सोडतात. हा गडी शिव्या देण्याचा हक्क जाऊ नये म्हणून कोरडा राहिला. पहिले दहा दिवस हातपाय थरथरले, घाम सुटला, ताटातलं अन्न जाईना. भामा उशाशी बसायला आली तर तिलाही हाकलून दिलं. पण सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी सात वाजता तो जिना चढत होता, आणि तोंडाचा पट्टा सुटत होता. खोलीतल्या एकालाही त्यानं सोडलं नाही. नीलिमा तर दर आठवड्याला तडाख्यात सापडे. तिची पर्स, तिचे कापलेले केस, तिचं गप्प बसणं. ती जमिनीकडे बघत बसे.

दिवसभर मात्र काही काम नव्हतं. दुकानावरच घर, आणि शिवराज गॅलरीत. खाली रस्ता, पलीकडे यादम्माची टोपली. गजरे आता तिची सून ओवायची, भराभर आणि सैल. एका सकाळी सून कुठे गेली होती आणि गिऱ्हाईक उभं होतं. यादम्मानं स्वतः दोरा घेतला. तीन बोटं ताठ. फूल धरलं तर दोरा सुटे, दोरा धरला तर फूल. शेवटी तिनं दोऱ्याचं टोक दातांत धरलं. गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं. तेवढ्यात विक्रम शटर उचलायला आला, आणि यादम्मा तोंडातला दोरा न काढताच म्हणाली, "करंटोडु वच्चिंडु." विक्रमनं मान खाली घातली. सत्तावीस वर्षांच्या पोराच्या मानेला वाकायची सवयच झाली होती.

शिवराज प्याला असता तर खोलीत जाऊन झोपला असता. प्यालेला नव्हता, त्यामुळे सगळं बघावं लागलं.

तो चौऱ्याऐंशीवा दिवस होता, बुधवार. संध्याकाळी तो उभा राहिला. सवयीप्रमाणे नरसय्याकडे बोट दाखवलं आणि ते तसंच खाली घेतलं. मग मराठीतच म्हणाला, "त्या बाईची मोटर मी बांधली होती. विक्रमनं नाई. मी प्यालो होतो, लॅम्प लावला नाई. पोरगा दीड वर्षं माज्या नावचं ऐकून घ्यायलाय अन् मी वर गॅलरीत बसून बगायलोय. मी त्याचा बाप हाय." एवढं बोलून खाली बसला. खोली म्हणाली, "थँक्यू, शिवराज." त्याला हलकं वाटलं. दार लावून बोलल्यासारखं, मोकळं, आणि कुणाला काही न कळलेलं.

मीटिंग सुटली. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर नीलिमा त्याची वाट अडवून उभी होती.

"आज छान बोललात," ती म्हणाली. अस्सल पुणेरी मराठीत.

शिवराज एक पायरी वर सरकला. "तुमी... मराठी?"

"कोथरूडची. कंपनीतलं कुणी भेटू नये म्हणून शहराच्या त्या टोकावरून इथे येते. तुम्हीही ओळखीचं कुणी भेटू नये म्हणूनच इथे येत असाल."

"मंग येवढे दिवस बोलल्या नाईत?"

"आत उत्तर द्यायचं नाही असा नियम आहे. आता बाहेर आहोत आपण." तिचा आवाज चढला नाही, आणि तेच वाईट होतं. "पहिल्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, लेकरं असतील तर काय म्हणत असतील. एक मुलगी आहे मला. केतकी. आठ वर्षांची. कोर्टानं बापाकडे दिली. माझ्या तोंडाकडे बघून ती काय म्हणते ते मला माहीत आहे, तुम्ही दर आठवड्याला आठवण करून द्यायची गरज नव्हती. दोनदा इथून उठून सरळ दुकानात जाणार होते, बाटली आणायला. तुमच्यामुळे. गेले नाही, तेही तुमच्यामुळेच. तुम्हाला तेवढं मोठं करायचं नव्हतं मला."

"बाई, माफ..."

"माफी मागू नका. मला ती नकोय." तिनं पर्स खांद्याला लावली. "आणि आज जे बोललात त्याचंही कौतुक करून घेऊ नका. कुणाला कळत नाही असं वाटलं म्हणून बोललात. ज्या बाईचा हात गेला तिला कळेल अशा भाषेत बोला, मग बघू."

ती गेली. पलीकडे विक्रम स्कूटरवर बसलेला. त्यानं काही ऐकलं नव्हतं. शिवराज मागे बसला आणि मूसी नदीचा पूल ओलांडून घर येईपर्यंत त्यानं पहिल्यांदाच कुणालाही नावं ठेवली नाहीत. मनातल्या मनात मात्र तिला शिव्या देत होता, कारण ती खरं बोलली होती.

शुक्रवारी तो गेला, सोमवारीही गेला. पाळी आली की म्हणे, "आज मैं सुनतौं." नीलिमानं त्याच्याकडे पाहिलं नाही.

नव्वद दिवस भरले. बुधवारी सकाळी विक्रमनं कमरेची किल्ली सोडून ताटाशेजारी ठेवली. शब्दाला पक्का होता पोरगा. "घ्या," म्हणाला. भामाच्या डोळ्यांत पाणी आलं. शिवराजनं किल्ली उचलली. तीन महिने ज्या क्षणासाठी काढले तो हातात होता, आणि पोराला दुकानातून काढायची गोष्ट त्याला आठवलीसुद्धा नाही.

तो खाली उतरला, मागे विक्रम. समोर यादम्मा टोपली मांडून बसली होती. आज पुढे शिवराज होता, म्हणून तिनं ते रोजचं वाक्य म्हटलं नाही. उलट हसली. "अन्ना, बागुन्नवा?" बरा आहेस का भाऊ. आणि पुढे म्हणाली की तू आलास ते बरं झालं, आता त्या पोराला मोटरीला हात लावू देऊ नकोस.

शिवराज शटरपाशी थांबला. मागे वळून रस्ता ओलांडला. फुलवाल्या, चहाची टपरी, पाण्याचे कॅन भरणारा, सगळे बघत होते. त्याची तेलुगू गिऱ्हाइकापुरतीच होती. तेवढी पुरली.

"आ मोटर नेनु चेसिन," तो म्हणाला. ती मोटर मी केली. "विक्रम कादु." विक्रमनं नाही. आणि मग, मोडक्यातोडक्या तेलुगूत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, की मी प्यालेलो होतो, तपासली नाही, पोरानं नुसती आणून बसवली.

यादम्मानं त्याच्याकडे पाहिलं. मग आपल्या बोटांकडे. "इन्नि रोजुलु?" एवढंच विचारलं. इतके दिवस? शिवराजकडे जगातल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं. याला नव्हतं. तिनं त्याच्या पायाशी थुंकलं आणि तोंड फिरवलं.

विक्रम रस्त्याच्या पलीकडे पांढराफटक पडून उभा होता. शिवराज जवळ आल्यावर दबक्या आवाजात म्हणाला, "कुणी सांगितलं होतं तुमाला? दुकानाचं नाव ऱ्हावं म्हणून दीड वर्ष ऐकून घेतलं मी. आज तुमी तेबी घालवलं. आता येतंय का बगा कुणी मोटर घिऊन. संभाळा तुमीच." तो स्कूटर काढून निघून गेला. त्या दिवशी दुकान उघडलं नाही. दुपारपर्यंत दोन गिऱ्हाइकं दुरुस्तीला टाकलेल्या मोटरी परत मागायला वर घरी येऊन गेली. शिवराजला दारूची इतकी तहान कधीच लागली नव्हती. संध्याकाळी तो एकटा बसनं मलकपेठेला गेला, कोपऱ्यातल्या नीलिमापासून एक खुर्ची मोकळी सोडून बसला आणि दीड तास ऐकत राहिला.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता तो किल्ली घेऊन खाली आला. शटरपाशी वाकला तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, नेहमीसारखा खणखणीत, अख्ख्या गल्लीला ऐकू जाणारा.

"करंटोडु वच्चिंडु."

त्याच वेळी, कालपासून घरी न आलेल्या विक्रमची स्कूटर गल्लीच्या तोंडाशी वळत होती. त्यानं ते ऐकलं आणि सवयीनं त्याची मान खाली गेली. मग त्याच्या ध्यानात आलं की आज ते त्याला नव्हतं. मान हळूहळू वर झाली.

शिवराज उठून उभा राहिला, यादम्माकडे तोंड केलं आणि म्हणाला, "आ, वच्चिन." हो, आलो. मग पुन्हा वाकून त्यानं कुलूप काढलं.